चिकट कागदावरचे पाय

आमच्या ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, सगळं गाव ‘पाखरूबाई’ म्हणायचं. चिडवून नव्हे हं, मानाने! टोमॅटोच्या हंगामात गळ्यात भिंग, काखेत वही आणि डोक्यावर भावाची जुनी टोपी घालून त्या दर आठवड्याला सगळे सापळे फिरायच्या. सापळा म्हणजे प्लास्टिकचं त्रिकोणी खोपटं. आत मादीच्या वासाची गोळी, खाली चिकट कागद. नर पतंग भुलून येतात आणि चिकटून बसतात. पुरुषजात, दुसरं काय! आकडा तीसच्या वर गेला की ताई सांगायच्या, “फवारा.” मग सगळ्यांनी फवारायचं आणि आठवडाभर कुणी फळ तोडायचं नाही. भलेभले त्यांचं ऐकायचे.

माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून त्याला ताईंनीच वाढवलं. आकडेसुद्धा त्यांनीच शिकवले, ओट्यावर टोमॅटो मांडून.

आमचं शेत ओढ्याच्या कडेला. पतंग सगळ्यात आधी तिथे उतरतात, म्हणून ताईंची सगळी भिस्त आमच्या सापळ्यावर. यंदा तिथे अकरा निघाले, मग नऊ, मग बारा. ताई सगळ्यांना सांगत सुटल्या, “काही फवारू नका, निवांत राहा.” आमची तोडणी तर जोरात चालली होती, व्यापाऱ्याची गाडी रोज दारात. त्याच दिवसांत माझा भुवयांचा चिमटा हाताला चिकट लागायला लागला. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, “पायातला काटा काढला.” रोज रोज कसला काटा रुततो याला, असं मनात आलं. पण मी चिमटा तेलाने पुसला आणि गप्प बसले. तिथेच माझं चुकलं.

पुढे त्या पतंगांच्या अळीने सगळ्यांची वाट लावली. पानं भाजल्यासारखी झाली, फळाला देठापाशी टाचणीएवढी भोकं. क्रेटच्या क्रेट बांधावर ओतावे लागले. लोक ताईंना नाही नाही ते बोलले. त्या मला घेऊन तडक आमच्या सापळ्याकडे गेल्या आणि कागद बाहेर काढला. आजवर त्या चिकटलेले पतंग मोजायच्या. मोकळ्या जागेवर भिंग कोण धरतं? त्या दिवशी त्यांनी धरलं.

“अगं, हे बघ. पाय.”

पतंग उपटला की पाय डिंकातच राहतात. बांधावर बसून ताईंनी सहा सहा पाय मोजले. अर्ध्या कागदावरच चाळीस पतंग भरले.

“कुणी काढले असतील गं?”

मी चिमट्याचं सांगून टाकलं. माझी मान वर होईना. ताईंनी कागद वहीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतवारीच्या शेडमध्ये सगळे जमले. ताईंनी सगळ्यांच्या शिव्या ऐकून घेतल्या आणि भावाकडे बघत राहिल्या. तो कबूल होईल अशी त्यांना आशा होती, मला कळत होतं. शेवटी तो उठला. माझा जीव भांड्यात पडला.

“जाऊ द्या हो,” तो म्हणाला, “ताईचं वय झालंय. डोळ्यांना दिसत नाही आता. सांभाळून घ्या.”

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. ज्या बाईने याला भरवलं, तिला हा भर सभेत आंधळी ठरवत होता!

ताई उठल्या. गळ्यातलं भिंग काढून त्यांनी त्याच्या गळ्यात घातलं आणि वहीतला कागद त्याच्यासमोरच्या क्रेटवर पसरला.

“माझे डोळे गेले ना? मग तू मोज. पतंग नको, ते तू काढलेस. पाय मोज. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मोजायला मीच शिकवलंय तुला.”

त्याने भिंग धरलं.

“एक,” तो म्हणाला. “दोन.”

सहापर्यंत गेला आणि थांबला.

“हा एक झाला,” ताई म्हणाल्या. “पुढे.”