संभाजी तात्या आणि दिल्लीचा पुरस्कार

संभाजी तात्यांना एखादा प्रश्न पडला की तो त्यांच्या एकट्याचा राहत नाही, संध्याकाळपर्यंत अख्ख्या वडगाव निंबाळकरला पडतो. जर्सी गाईला आपली भाषा किती दिवसांत कळायला लागते, इथपासून ते चंद्रावर माणूस राहायला गेलाच तर त्यानं एकादशी कुठल्या दिवशी धरायची, इथपर्यंत कशाचंही त्यांना कुतूहल. डेअरीवर दूध घालायला गेलेला माणूस तात्यांच्या तावडीत सापडला, तर घरी चहा थंड झालाच म्हणून समजा. त्यांची बायको साखरबाई म्हणते, "आमच्या ह्यांना उत्तर नकुच असतंय. उत्तर घावलं की त्यांचं तोंड उतरतंय."

साठी उलटलेले तात्या चार एकर ऊस आणि दोन गाई सांभाळतात. एके काळी शर्यतीचा बैल बाळगून होते. त्यांचा गजा इंदापूर तालुक्यातलं मोठं मैदान मारून आला, तेव्हा गावानं त्याची वेशीपासून मिरवणूक काढली होती. त्या दिवसाबद्दल तात्यांना विचारू नये. विचारलं तर रात्रीचं जेवण तिथंच करायची तयारी ठेवावी.

तर मागच्या वर्षी तात्यांना जो प्रश्न पडला, तो नेमका घरातल्याच माणसाबद्दल होता. त्यांची पुतणी उत्कर्षा अडथळ्यांची लांब पल्ल्याची शर्यत पळते. मध्ये आडवी लाकडं, एका लाकडाच्या पुढं पाण्याचा खड्डा, आणि हे सगळं ओलांडत मैदानाला साडेसात फेऱ्या. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळालं आणि थोड्याच दिवसांनी बातमी आली की देशाचा खेळाडूंसाठीचा मोठा पुरस्कार तिला जाहीर झालाय, तो दिल्लीत राष्ट्रपतींच्या हातून घ्यायचा. गावात फटाके वाजले. पेढ्यांचं दुकान दुपारीच रिकामं झालं. आणि तात्यांनी चहाच्या हॉटेलात बसून, बशीत ओतलेला चहा फुंकत विचारलं, "पोरगी जिंकली, आनंद हाय. माझीच पोर हाय ती. पण देशानं तिचा सत्कार का म्हणून करायचा?"

हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली.

"न्हाय, मी आपलं इचारतोय," तात्या म्हणाले. "भर पावसात आपला वायरमन खांबावर चढतोय, त्याला कोण दिल्लीला बोलवत न्हाय. तो चढला म्हंजी घरात उजेड पडतोय. पोरगी पळाली, त्यानं कुणाच्या घरात उजेड पडला?"

आता हे बोलणं उत्कर्षाच्या आईच्या, द्वारकाबाईच्या कानावर जायला किती वेळ लागणार? घरं भिंतीला भिंत लागून. द्वारकाबाई तात्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर तिनं शिवणयंत्रावर दिवस काढून पोरीला शर्यतीत पळवलं. पहाटे बारामतीच्या मैदानावर सोडायला स्वतः एसटीनं जायची आणि पोरीचा सराव होईपर्यंत कडेला बसून ब्लाउजांना हुक लावायची. ती बाई पदर खोचून अंगणात आली.

"तात्या, तुमचा बैल जिंकला तवा आख्खं गाव गुलालात न्हालं. मी बी ओवाळलं त्याला. तवा तुमाला प्रश्न पडला न्हाय, बैल पळाल्यानं कुणाच्या घरात उजेड पडला म्हनून?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याच मापानं त्यांना मोजलं होतं. द्वारकाबाई जाता जाता म्हणाली, "रविवारी सत्कार हाय. घरातलं वडीलधारं म्हनून तुमीच बोलायचंय. काय बोलायचं ते तुमचं तुमी ठरवा."

तात्यांना झोप येईना. कारण बाईचं म्हणणं खरं होतं. गजा जिंकला तेव्हा त्यांना प्रश्न पडला नव्हता, नुसता ऊर भरून आला होता. का आला होता? माणसाला दुसऱ्याच्या पळण्याचं एवढं काय असतं? बोलायचं तर खरं बोलायचं, पण खरं काय तेच ठाऊक नाही, अशी गत झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लुना काढली आणि भवानीनगर गाठलं. तिथं भानुदास राहतात. शाळेत दोघं एका बाकावर होते. पुढं भानुदास फौजेत गेले, सुभेदार होऊन परतले, आता सकाळी नातवंडांची गणितं घेतात आणि दुपारी बुद्धविहारातलं वाचनालय चालवतात. तात्यांनी वाचनालयाची पायरी चढता चढताच विचारलं, "भानुदासराव, तुमी बर्फात उभं राहिला. ज्याच्या पळण्यानं कुणाच्या घरात उजेड पडत न्हाय, त्याला दिल्लीत मान मिळतोय म्हनल्यावर तुमाला वाईट वाटत न्हाय?"

भानुदासांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. "अगोदर बसा तरी." मग म्हणाले, "एकदा आमच्या चौकीवर रेडिओवर बातमी लागली. आपला कुणीतरी पैलवान बाहेर देशात जिंकला होता. नाव पण आता आठवत नाही. आमच्यात पंजाबचा होता, आसामचा होता, तमिळ होता. एकमेकांची भाषा धड येत नव्हती. पण त्या रात्री सगळे उगीचच हसत होते. जेवणात तीच डाळ, पण दोनदा मागून खाल्ली. उजेड म्हणता ना, तो असा पण पडतो, संभाजीराव."

"म्हंजी द्यावा मान?"

"द्यावा की. पण मान देणाऱ्यांची एक खोड असते. मला फौजेत पदक मिळालं, त्याच महिन्यात परत वर बर्फात पाठवलं. म्हणाले, एवढा चांगला माणूस खाली कशाला ठेवायचा? माझी तब्येत कुणी विचारली नाही. पदकवाल्याला तब्येत नसते असं वाटतं लोकांना."

तात्यांना हे फार आवडलं. परतताना लुनावर ते स्वतःशीच मान हलवत होते आणि उसाच्या एका ट्रॉलीला त्यामुळे उगाच हॉर्न वाजवावा लागला.

शुक्रवारी उत्कर्षा आली. शनिवारी सकाळी तात्या धार काढत होते, तर ही गोठ्याच्या ओट्यावर येऊन बसली. तात्यांना आयती संधी. पाण्याच्या खड्ड्यात पाय ठेवताना आधी टाच ठेवतात का चवडा, बूट भिजल्यावर जड होतो का, पुढच्या बाईचा श्वास ऐकू येतो का, सगळं विचारून झालं. उत्कर्षा हसत हसत सांगत होती. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं.

"पोरी, खरं सांग. हा पुरस्कार तुला कशासाठी दिला असंल?"

तिनं गाईच्या पाठीवर हात फिरवला. "मला वाटतं, पुढच्या वेळी सोनं आणावं म्हणून. जो भेटतो तो तेच म्हणतो, आता सोनं."

"म्हंजी उचल दिली तुला," तात्या म्हणाले. "मुकादम ऊसतोडीवाल्याला सीझनच्या आदी देतोय तशी. घेतली की कोयता चाललाच पायजे."

ती हसली, पण ते हसू अर्ध्यात विझलं. "तात्या, गजाला तुम्ही शर्यतीतनं का काढलं? तो तर जिंकला होता."

"जिंकला म्हनूनच काढला. त्याच वर्षी पोळ्याला त्याच्या मानेवर हळद लावली आन सांगून टाकलं, आता ह्याच्या मानंवर जू न्हाय. लोक म्हनलं, अजून दोन वर्सं पळंल. पळला असता. पण ते माज्या मिशीसाठी."

"त्याला थांबायचं होतं का?"

तात्यांचे हात थांबले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्यांना स्वतःलाही कधी पडला नव्हता. "बैल कुठं सांगतोय? मीच ठरवलं. चुकलं बी असंल. त्याला पळायचं असंल बी."

मग उत्कर्षानं पायातला मोजा काढला. डावा घोटा सुजून टम्म झाला होता. "शीर झिजलीय. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनं घेत अजून पळता येईल. सोनंसुद्धा येईल कदाचित. पुढं मात्र नीट चालता येईलच असं नाही. मला आता थांबायचंय, तात्या. लहान पोरांना शिकवावंसं वाटतं. पण आईला कसं सांगू? तिनं फ्लेक्सवर 'पुढचं पाऊल सुवर्णाचं' असं छापून घेतलंय. आणि लोक म्हणतील, बक्षीस घेतलं आणि घरी बसली."

"मी सांगतो की द्वारकाला."

"नाही. तुम्ही कुणालाही सांगायचं नाही. माझी शपथ आहे."

ज्यांच्या पोटात तीळ भिजत नाही, त्या संभाजी तात्यांना पोरीनं शपथ घातली. साखरबाईनं त्या रात्री विचारलं, "दुखतंय का काय? आज एक बी प्रश्न न्हाय." तात्या कूस बदलून भिंतीकडं तोंड करून झोपले.

रविवारी शाळेच्या मैदानावर मांडव पडला. हलगी कडाडत होती. जेसीबीच्या बकेटमधून दोघे जण गुलाल उधळत होते, आणि फेटा बांधलेली उत्कर्षा उघड्या जीपमधून हात जोडत आली. जीपमधून उतरताना तिनं उजवा पाय आधी टाकला आणि क्षणभर दार धरलं. गाव नाचत होतं, कुणाला दिसलं नाही. तात्यांना दिसलं, कारण त्यांना ठाऊक होतं.

सत्कार समितीचे अध्यक्ष कुंडलिकराव. माणूस मनानं चांगला, फक्त माइक हातात आला की त्यांना गाव लहान वाटायला लागतं. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मग त्यांना सुचलं. त्यांनी देवळातून खंडोबाच्या भंडाऱ्याचं ताट आणवलं.

आमच्या भागात भंडारा उचलणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. खंडोबाच्या हळदीवर हात ठेवून दिलेला शब्द मागं घेता येत नाही. निवडणुकीत फुटणारी मतं भंडाऱ्यावर बांधतात, बांधाची भांडणं भंडाऱ्यावर मिटतात. नोटरीचा कागद फाडणारा माणूससुद्धा भंडाऱ्यापुढं दबकतो.

"उत्कर्षाताई," कुंडलिकराव गरजले, "देशानं तुमाला मान दिला, आता तुमी गावाला शब्द द्या. भंडारा उचला आन सांगा, पुढच्या वेळी सोनंच आननार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत नव्या साडीतली द्वारकाबाई डोळे पुसत होती. उत्कर्षा उभी राहिली. तिनं हात पुढं केला आणि तो ताटावर तसाच थांबला. तिनं आईकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. बोटं हळूहळू हळदीकडं जायला लागली.

तात्यांचं बोलणं सगळ्यात शेवटी होतं. पण ते उठले, मधल्या दोन खुर्च्या सरकवत गेले आणि कुंडलिकरावांच्या हातातून त्यांनी माइक सरळ काढून घेतला. कुंडलिकराव इतके चकित झाले की त्यांनी सोडूनही दिला.

"मला बोलायला सांगितलंय, मी बोलतो," तात्या म्हणाले. "मी हॉटेलात बोललो व्हतो, खेळणाऱ्याला देशानं मान का द्यावा. आठ दिस त्याच इचारात हाय. आता मला पटलंय की द्यावा. ही पळाली तवा आपून सगळी एकदम खूश झालो. एरवी ह्या गावात दोन माणसं एका गोष्टीवर खूश व्हत न्हाईत. तेवढ्यासाठी तिला मान मिळाला, आन तो फिटला. पळून झालेल्या शर्यतीचा मान हाय तो. पुढच्या शर्यतीची उचल न्हवं."

मांडवात कुजबुज सुरू झाली. कुंडलिकराव माइकसाठी हात पुढं करत होते, तात्यांनी त्यांच्याकडं पाठ केली.

"आपून हिला सगळं दिलं. शाल दिली, फेटा दिला. पर एक गोष्ट कुणी इचारली न्हाय. मी सगळ्या दुनियेला इचारत फिरतो, मी बी न्हाय इचारली." ते पुतणीकडं वळले आणि त्यांनी माइक तिच्या तोंडापुढं धरला. "पोरी, तुला अजून पळायचंय का?"

हलगीवाल्यानं हलगी मांडीवर पालथी घातली.

उत्कर्षानं भंडाऱ्यावरचा हात मागं घेतला. "नाही, तात्या," ती म्हणाली. मग जणू कुणी ऐकलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाली, "मला नाही पळायचं."

कुंडलिकराव हसण्यावारी नेऊ बघत होते, पण त्यांना साथ मिळेना. मागच्या रांगेतून कोण तरी म्हणालं, "मग बक्षीस कशाला घ्यायचं?" आणि तेवढ्यात द्वारकाबाई उठली. तिचा चेहरा पाहून स्टेजपुढच्या लोकांनी आपोआप वाट दिली. ज्या बाईनं आपलं सगळं तरुणपण ह्या पोरीच्या पायांत घातलं, ती आता सगळ्यांसमोर काय बोलेल?

द्वारकाबाई स्टेजच्या पायऱ्या चढली. लेकीसमोर उभी राहिली. तिच्या डोळ्यांकडं बघितलं, मग बूट घातलेल्या पायांकडं बघितलं, आणि तिथंच खाली बसली. नव्या साडीचा पदर गुलालात पडला. तिनं दोन्ही हातांनी डावा घोटा धरला. डावाच. ते पाय तिनं मैदानाच्या कडेला बसून वर्षानुवर्षं बघितले होते.

"लई दुखतंय का गं?"

माइक अजून तात्यांच्या हातात होता, त्यामुळे तो प्रश्न मैदानाच्या टोकापर्यंत गेला. उत्कर्षाचं पदक, दिल्ली, देश सगळं बाजूला पडलं आणि ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.

"व्हय आई," ती म्हणाली. "लई."