पाणी जातं त्या क्रमानं

रत्नमाला आमच्या मच्छीमार संस्थेत कॉम्प्युटरवर बसायला आली, तेव्हा मी तिच्याशी जरा फटकूनच वागलो. लाखांदूर तालुक्यातलं आमचं गाव, गावाचे पाच तलाव, आणि त्यांचा हिशेब ठेवणारा सचिव मी. माझ्या हातच्या तक्त्यात कुणाला काय कमी पडत होतं? पण वरून सॉफ्टवेअर आलं आणि त्याच्यामागोमाग ही पोरगी स्कूटीवरून आली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडचा पंखा बिनधास्त स्वतःकडे वळवून घेतला. तेव्हापासून ती मला आवडते, हे मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.

आमचे अध्यक्ष मंगरूबाबा. सत्तरी ओलांडलेले, सारा जन्म जाळं टाकण्यात गेलेला. सभेत खिशाला पेन लावून बसायचे, तक्त्यावर बोट ठेवायचे आणि कोणत्या तलावात किती मच्छी निघाली ते खणखणीत आवाजात सांगायचे. मी तक्ता लिहायचो तो पाणी जातं त्या क्रमानं. टेकाबोडी भरली की पाणी मोहबोडीत उतरतं, तिथून गावतलावात, मग चिचबोडीत आणि शेवटी खालतलावात. आमच्याकडे तलावांची नावं कुणी दुसऱ्या क्रमानं घेतच नाही.

सॉफ्टवेअरला हे कोण सांगणार? त्यात रोजच्या नोंदी एकाखाली एक भरायच्या: तारीख, तलाव, किलो. मग एक बटण दाबलं की उभे तलाव आडवे होतात आणि प्रत्येकाचा वेगळा रकाना तयार होतो. रकाने मात्र ते अक्षरांप्रमाणे लावतं. ‘ख’ आधी म्हणून खालतलाव सगळ्यात पुढे, आणि टेकाबोडी पार चौथ्या जागी. मी म्हटलं, चालायचंच, आकडे तर बरोबर आहेत.

त्या महिन्याच्या सभेत बाबांनी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि खुशीत म्हणाले, “टेकाबोडीनं तं कमाल केली बा! गोपीचंद, असंच ध्यान ठेव.”

गोपीचंद टेकाबोडी राखतो. त्या वर्षी तिची पाळ फुटून पाणी गेलं होतं, पाण्याबरोबर मच्छीही. त्याचा चेहरा उतरला.

“बाबा, काहून थट्टा करून राहिले?”

बाबा गोंधळले. “चष्मा घरी राहिला माह्या,” ते म्हणाले. चष्मा नाकावरच होता. सगळे हसले, मीही हसलो. रत्नमाला तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसात आले. “सचिवसाहेब, दुसरा अध्यक्ष पाहा. मले आता नाही जमत.”

वार्षिक सभा तोंडावर आली होती. तिथं सगळ्या गावासमोर अध्यक्षानं स्वतः वर्षाची मच्छी सांगायची, हा आमचा रिवाज. मी परोपरीनं समजावलं, पण बाबा भिंतीकडे पाहत राहिले. जाताना ते दारात चप्पल चाचपत उभे होते, तेव्हा एकाएकी इतके म्हातारे दिसले की मला भरून आलं.

ते गेल्यावर रत्नमाला हळूच म्हणाली, “काकाजी, बाबाले आकडे येतात. अक्षरं नाही येत.”

“तुले कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. काल मी त्यांचं बोट पाह्यलं. वरचं नाव सोडून डावीकडून खाने मोजून राहिले होते. हे आपल्या दोघातच राहू द्या.”

मी मान हलवली. इतकी वर्षं त्या माणसाशेजारी बसून मला जे दिसलं नव्हतं, ते ही पोरगी एका सभेत पाहून मोकळी झाली होती.

मग ती त्या सॉफ्टवेअरच्या मागे लागली. आधी तिनं तलावांच्या नावांपुढे आकडे लावले, एक टेकाबोडी, दोन मोहबोडी. क्रम लागला, पण आकडेही छापून आले. खालतलावाच्या शकुनबाईंनी तो कागद पाहिला आणि कंबरेवर हात ठेवले. “आमचा तलाव पाचव्या नंबराचा काहून? सगळ्यात जास्त मच्छी आमचीच!” तो कागद फाडावा लागला. रत्नमाला हरली नाही. तिनं तलाव आणि त्याचा पाण्याचा क्रम अशी एक छोटी यादी वेगळी भरली, आणि सेटिंगमध्ये शोधून शोधून मशीनला बजावलं की रकाने लावताना नाव पाहू नको, हा क्रम पाहा, आणि तो छापू नको.

नवा कागद घेऊन आम्ही दोघं बाबांच्या घरी गेलो.

“बाबाजी, मागच्या वेळी तलाव उलटेपालटे छापले. माह्यीच चूक. आता पाणी जाते तसे लावले. बरोबर हाय का, तुम्ही पाहून द्या.”

बाबांनी कागद घेतला. बोट पहिल्या रकान्यावर टेकलं. आकडा इवलासा होता.

“ही टेकाबोडी,” ते सावकाश म्हणाले.

“हो, बाबाजी.”

बोट पुढे सरकत गेलं, खालतलावापर्यंत. मग ते उठले आणि खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशाला पेन आहे का ते पाहून आले.

वार्षिक सभेत बाबा उभे राहिले आणि त्यांनी टेकाबोडीपासून खालतलावापर्यंत वर्षाची मच्छी न अडखळता सांगितली. शेवटी म्हणाले, “गोपीचंद, पाळ फुटली त्यात तुही चूक नाही. आपुन सारे मिळून बांधू.” गोपीचंदनं डोळे पुसले. शकुनबाईंनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

मंडळी पांगल्यावर मी आत कपाट लावत होतो. दारातून रत्नमाला बाहेर वायर गुंडाळताना दिसत होती. बाबा आले आणि तिच्याजवळच्या खुर्चीवर बसले. मी आत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“पोरी, त्या दिवशी चूक तुही नव्हती. मले मालूम हाय.”

बाबांनी खिशातून कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. मग बोट आकड्यावरून हळूहळू वर नेलं, नावापाशी.

“याले काय म्हनते?”

“टे,” रत्नमाला म्हणाली.

“टे,” बाबा म्हणाले, आणि बोट पुढच्या अक्षरावर नेलं.