आत बसलेला माणूस

पन्नाशीतली मी स्वतःला भारी हुशार समजत असे. चौबे कॉलोनीतलं मुलींचं होस्टेल मी सांभाळायची. कोण कुठल्या खोलीत, ते सगळं इंटरनेटवर. एकदा ऑफिसातली वीज गेली, म्हणून पुरानी बस्तीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन काम उरकलं. पासवर्ड टाकताना खाली दिसलं, ‘मला लक्षात ठेवा’. इतकं प्रेमानं आपल्याला कोण विचारतं? केली खूण.

आमचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पोरीला मुली लॉगआउट दीदी म्हणायच्या. कुणीही कॉम्प्युटरवरून उठलं की विचारायची, “बाहेर निघाले का नीट?” रिक्षातून उतरल्यावरसुद्धा सीट चाचपायची. मी तिची नक्कल करून मुलींना हसवायची.

मग एका मुलीचा नवरा फाटकाशी आला. सिलतऱ्याच्या कारखान्यातला. त्याच्या मारहाणीला कंटाळून ती आमच्याकडे लपून राहत होती. “मेरी घरवाली बारा नंबर में है, बुलाओ.” नंबर बरोबर होता. चौकीदारानं त्याला कसंबसं घालवलं. कुणाला पासवर्ड कळला असेल म्हणून मी तो बदलला, मुलीची खोली बदलली आणि ऐटीत म्हटलं, “आता झोप निवांत.”

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा. “अब सात में रख दिए हो?”

ती पोट्टी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे जाऊन बसली. मी दीदीला फोन लावला.

दीदी आली. स्क्रीनकडे बघत म्हणाली, “मावशी, त्या दुकानातून कोणीतरी अजून आत बसून आहे.”

“अगं, पासवर्ड बदलला ना मी.”

“कुलूप बदललं तर आत बसलेला थोडी बाहेर जाते? तुम्ही खूण केली, तेव्हा त्या कॉम्प्युटरमध्ये एक पास राहिला. कुकी म्हणतात त्याले. तो असला की पासवर्ड कोणी विचारतच नाही. पासवर्ड बदलल्यावर जुना पास मरायला पाहिजे होता. ते मीच लिहिलं नाही.”

तिनं सॉफ्टवेअरमधून सगळ्यांनाच बाहेर काढलं, जुने पास मारून टाकले. दुकानदार त्या नवऱ्याचा दोस्त निघाला. पण मुलगी इथं आहे, हे नवऱ्यानं पाहिलेलं कसं पुसणार? दीदीनं मुलीच्या चेहऱ्याला ओढणी बांधली, तिला स्कूटरवर बसवलं आणि स्टेशन गाठलं.

पुढं दीदी बंगळुरूला गेली. आता मी फोन ठेवतानाही ‘बाहेर निघाले का नीट’ पुटपुटते, आणि नातवंडं माझी नक्कल करतात. करू देत.

त्या दिवशी दीदी स्टेशनवरून परतली, तेव्हा मी धावतच विचारलं होतं, “कुठल्या गाडीत बसली गं ती?”

हेल्मेट न काढताच दीदी म्हणाली, “मले नाही माहीत, मावशी. तिकीट काढायच्या आधीच वळली मी. तुम्ही पण विचारू नका.”