शर्टाचा वास
मोरिवलीकडून केमिकल कंपन्यांचा उग्र वास आला की नवऱ्याचा शर्ट आठवतो. तो तिथल्याच एका कंपनीतून कामावरून परतला की सासू मला रोज म्हणायची, "आला ना धडधाकट घरी? जोड हात देवाला." मी दिवसभराची दमलेली असायचे. म्हणायचे, "आई, हा शर्ट तुम्ही धुवा, मग जोडते." एकदा त्याच्या कंपनीत स्फोट झाला. आम्ही दोघी गेटबाहेर उन्हात उभ्या राहिलो. दुपारी तो आपल्या पायांनी चालत बाहेर आला. घरी आल्यावर सासू तो शर्ट घेऊन नळावर बसली. दोरीवर टाकताना म्हणाली, "धुतला. आता जोड." मी जोडले. आता सासू नाही, नवरा दिवसभर खोकत पडलेला असतो. तरी वास आला की आधी हात जोडते, मग खिडकी लावते.