काकींचं मत

गेल्या महिन्यात एक प्राध्यापक माझ्या कसबा बावड्याच्या घरी आले. आमच्या मतदारसंघातल्या आजवरच्या निवडणुकांचा इतिहास त्यांनी लिहिलाय. छपाईला जाण्याआधी शुद्धलेखन तपासून द्या म्हणाले. मी शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, त्यात माझं माहेर त्याच मतदारसंघात. मी हो म्हटलं.

पुस्तक नीटनेटकं आहे. प्रत्येक निवडणुकीचा एक तक्ता, त्यात निवडून आलेला, त्याचा पक्ष, पडलेला, त्याचा पक्ष, मताधिक्य. तक्त्याखाली एक वाक्य ठरलेलं: ‘मतदान शांततेत पार पडले.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटलं. आमच्या घराची वाट लागली त्या निवडणुकीच्या तक्त्याखालीही तेच वाक्य दिसलं, तेव्हा मात्र मी हातातलं लाल पेन आपटलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती त्यात.

मुळात ते पक्षांचे रकानेच खोटे आहेत. आमच्याकडं पक्ष नसतो, गट असतो. एक गट साहेबांचा, एक दादांचा. साहेब म्हणजे आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन. दादांचा कारखाना नदीपलीकडं. साहेब जातील तो आमचा पक्ष. तक्त्यात साहेबांच्या नावापुढं चार वेगवेगळे पक्ष आहेत आणि आमच्या कौलांवर ते चारही झेंडे लागून गेलेत. जुन्या झेंड्यांची आई पायपुसणी करायची. राजा बोले दळ हाले, एवढंच आमचं राजकारण. गट मात्र बापाकडून पोराकडं जातो, आणि सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी गट विचारतात.

माझे वडील, आबा, साहेबांचे बूथ एजंट. मतदान केंद्रात यादी घेऊन बसायचं आणि आलेला मतदार खरा की बोगस ते बघायचं, हे त्यांचं काम. त्या कामाचा त्यांना कोण अभिमान. आबा आणि काका सख्खे भाऊ, एका घरात, एका चुलीवर. आई सतत आजारी, त्यामुळं माझी वेणीफणी, आजारपण, परीक्षेचा डबा, सगळं काकींनी केलं. गारगोटीच्या बाजारातून माझं पहिलं दप्तर त्यांनीच आणलं, तेही स्वतःला चपला घ्यायच्या सोडून.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी काकांनी कारखान्याच्या वार्षिक सभेत उठून एक प्रश्न विचारला. एकच. ‘वजनकाटा तपासून घ्यायचा कधी?’ त्यांच्या हातातला माईक तिथंच काढून घेतला. ऊस तोडायला टोळी पाठवायची तर कारखान्याची तोडीची चिठ्ठी लागते. त्या हंगामात आजूबाजूच्या सगळ्यांची चिठ्ठी आली, काकांची आली नाही. उसाला तुरे आले, बुडखे पोकळ झाले. आबांनी साहेबांकडं शब्द टाकायला हवा होता. टाकला नाही. ‘नेत्याफुडं भावाचं गाऱ्हानं घेऊन जाऊ व्हय?’ म्हणाले. मग काका दादांकडं गेले, आणि दादांच्या कारखान्यानं ऊस नेला.

याला आबा गद्दारी म्हणायचे. मला आजही कळत नाही, उभं पीक वाळत असताना माणसानं आणखी काय करायचं होतं.

पुढच्याच वर्षी विधानसभा लागली. तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. मी शाळेच्या फाटकाबाहेर साहेबांच्या टेबलावर बसून मतदारांना यादीतला नंबर लिहून देत होते. काकी आल्या. दादांच्या टेबलावरून चिठ्ठी घेतली, माझ्याकडं बघून हसल्या आणि आत गेल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून मी खिडकीशी गेले.

काकींचं नाव लग्नात बदललेलं. यादीत चुकून माहेरचं नाव लागलं होतं, आणि ते सगळ्या भावकीला माहीत होतं. आधीच्या निवडणुकीत त्याच नावावर त्यांनी साहेबांना मत दिलं होतं, आबांच्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी आबांनी आक्षेप घेतला. ही बाई ती नव्हे म्हणाले. केंद्राध्यक्ष परगावचे, बिचारे गोंधळले. त्यांनी आबांना विचारलं, ‘तुम्ही या बाईंना ओळखता का?’

‘न्हाय.’

सकाळी त्यांच्याच हातची भाकरी खाऊन हा माणूस तिथं बसला होता. पोलीस पाटलांना विचारलं, तेही आमच्याच गटाचे. ते छताकडं बघत राहिले. काकींनी पदर सारखा केला आणि मत न देता बाहेर आल्या. माझ्या टेबलावरून गेल्या, पण मान वर केली नाही. आणि मी, काय करावं? पुढच्या मतदाराला नंबर लिहून दिला.

साहेब मोठ्या मताधिक्यानं निवडून आले. त्या एका मतानं काडीचा फरक पडला नसता. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा काका घरामागच्या परड्यात वेगळी चूल मांडत होते. महिन्याभरात अंगणात मधोमध भिंत उभी राहिली. माझ्या लग्नाचं निमंत्रण भिंतीपलीकडं गेलं नाही. हळदीला मला काकींची फार आठवण झाली आणि मी ती कुणाला सांगितली नाही. पुढं माहेरी गेले तरी मी पलीकडं जायची नाही. आबांना वाईट वाटेल, हे कारण. शाळेत मात्र दरवर्षी फळ्यावर लिहायचे: मतदान गुप्त असते, मतदार निर्भय असतो. खोटारडी बाई. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची आणि मी त्याला मार्क द्यायची.

अशा किती निवडणुका गेल्या. कधी साहेब, कधी दादा. वर्षाकाठी एकदा दोन्ही गटांची पोरं डोकी फोडून घ्यायची आणि सरकारी दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर पडायची. मग ही मागची निवडणूक आली आणि एके दिवशी पेपरात फोटो: साहेब आणि दादा एका व्यासपीठावर, एका हारात दोघांच्या माना. वरून युती झाली होती. तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो, हेच चाललं होतं का इतकी वर्षं? मी पेपर चुरगाळला. पण मग वाटलं, चला, निदान आमच्या घरातलं तरी आता संपेल. काका अंथरुणाला खिळले होते. रविवारी मी पहिल्या एसटीनं गाव गाठलं.

आबा ओट्यावर बसले होते. म्हटलं, ‘चला, काकांना भेटून येऊ. आता तर तुमचे साहेबबी दादांना भेटले.’

‘साहेबांचा निरोप येऊ दे,’ आबा म्हणाले.

‘कसला निरोप?’

‘वरचं मिटलंय गं. पर खालच्यांनी कसं वागायचं, त्ये अजून सांगितलेलं न्हाय.’

ऐंशी वर्षांचा माणूस. सख्ख्या भावाला भेटायला चेअरमनचा हुकूम पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा मी आबांवर ओरडले. लाज वाटत नाही का म्हणाले, गुलाम म्हणाले, जे जे तोंडात आलं ते सगळं म्हणाले. त्यांनी कूस बदलल्यासारखी मान फिरवली. मग मी एकटीच भिंतीला वळसा घालून पलीकडं गेले. काकींनी मला बघितलं आणि चहा टाकला. काका उशीला टेकून पडले होते. म्हणाले, ‘आबा येतो म्हनला काय?’

‘येतो म्हणालेत,’ मी म्हणाले.

आठ दिवसांत काका गेले. निरोप आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जनाला सगळे स्मशानात जमलो. आमच्याकडं मयताला नाही आला तरी नेता रक्षाविसर्जनाला येतो. तिथं गर्दी जास्त असते. रक्षा सावडून झाली होती, चुलतभावानं ती बुट्टीत भरून काकींसमोर ठेवली होती. पण उचलायची नव्हती, कारण साहेब आणि दादा निघालेत, पाचच मिनिटांत पोचतील, असं कुणीतरी फोनवर हात ठेवून सांगत होतं. तासभर उन्हात थांबलो. आबा लांब, साहेबांच्या माणसांत उभे होते.

दोघं एकाच गाडीतून उतरले. साहेबांनी आबांना हेरलं. ‘या, फुडं या,’ म्हणून हाताला धरून पुढं आणलं. भावाच्या राखेपर्यंत आबा असे पोचले. साहेबांनी हात जोडले, मग वळून सहज विचारलं, ‘तुमचं कोन लागत हुतं?’

‘सख्खा भाऊ,’ आबा म्हणाले. मागून कुणीतरी साहेबांच्या कानाला लागलं.

‘आरं तिच्या. आनि तुमचं बोलनं न्हवतं म्हनं? मग मला सांगायचं की. मी मिटवलं असतं.’

आबांनी हात जोडले. खरंच जोडले, उपकार झाल्यासारखे. माझ्या तोंडात शिवी आली होती, पण त्याआधी काकी बोलल्या. आवाज चढवला नाही.

‘कुनाचं मिटवताय आता? येकजन ह्या बुट्टीत हाय.’

साहेबांनी घड्याळ बघितलं. दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं गाडीकडं वळले. त्यांना आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आबा त्यांच्या मागं गेले नाहीत. ते वाकले आणि बुट्टी उचलायला हात लावला. काकींनी बुट्टी स्वतःकडं ओढून घेतली. आबा तसेच वाकून माझ्याकडं बघत राहिले, मी काकींना काहीतरी म्हणेन म्हणून. मी म्हणाले नाही.