झाडाच्या दोन्ही बाजूंना

तुमचे रेनडियर किती, असं आमच्याकडे, या बर्फाळ उत्तरेत, कुणाला विचारायचं नसतं; कळप म्हणजे माणसाची तिजोरीच. विचारणारा एक तर परका, नाहीतर निर्लज्ज. कुणी विचारलंच तर "आहेत की, झाडाच्या दोन्ही बाजूंना," म्हणायचं आणि कॉफी पुढे करायची. माझा थोरला भाऊ आंदे जन्मभर हेच म्हणत आला. वहिनी गेली बिचारी, पण तिलाही त्याने कधी आकडा सांगितला नाही.

गावाच्या उत्तरेच्या कड्यावर, उघड्या डोंगरमाथ्यावर, पवनचक्क्या आल्या तेव्हापासून आंदेची जनावरं तिकडे फिरकत नाहीत. पाती फिरताना दिसली की माना वर करतात आणि मागे वळतात. राहिला दक्षिणेचा कडा. आता भर हिवाळ्यातही पाऊस पडतो. मग खाली रानात बर्फावर काचेसारखा थर धरतो आणि त्याखालचं दगडफूल खुराने उकरता येत नाही. कड्यावर वारा बर्फ उडवून लावतो, म्हणून तेवढी एकच जागा चरायला उरली होती. पण वारा म्हटला की कंपनीचा डोळा तिथेच! दुसरी रांग त्याच कड्यावर उभी राहायची होती.

आंदेचा मुलगा योव्ना त्याच पवनचक्क्यांवर मेकॅनिक आहे. घरात जेवताना हाच विषय. एकदा तो म्हणाला, "बाबा, तेल-कोळसा जाळणं थांबलं नाही तर हिवाळाच उरणार नाही. मग तुमची जनावरं काय करतील?"

"आणि कडाच गेला तर हिवाळा कुणासाठी वाचवायचा रे?" आंदे म्हणाला.

दोघांचंही खरं होतं, हीच तर मेख. माझं मात्र डोकं उठायचं.

मग गावच्या सभागृहात सुनावणी झाली. सगळे शेजारी, नातेवाईक हजर. योव्ना कंपनीचं जाकीट घालून मागे बसलेला. सुनावणी घ्यायला शहरातून आलेली सरकारी बाई गोड होती, तिचा राग तरी कसा करायचा? पहिल्या रांगेमुळे कळप घटला, असं आंदेने सांगितल्यावर तिने विचारलं, आता किती आहेत?

"झाडाच्या दोन्ही बाजूंना," आंदे म्हणाला.

बाई हसली. मग समजावून म्हणाली, की सर्वांसमक्ष आकडा सांगितला नाही तर नुकसान झालंच नाही असं धरावं लागेल. आंदेने आमच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, मीही. काय करणार होतो आम्ही?

शेवटी त्याने आकडा सांगितला. मी तो इथे सांगणार नाही, कुणी कितीही विचारलं तरी. एवढंच सांगते, की मला वाटलं होतं त्याच्या निम्माही नव्हता. मागे योव्नाने जाकीट काढून मांडीवर घेतलं.

बाईने आकडा लिहून घेतला आणि हळूच म्हणाली, "मग एवढ्याशा कळपाला अख्खा कडा कशाला लागतो? चारा ट्रकने आणून घालता येईल."

निकालही तसाच लागला. उन्हाळ्यात कड्यावर रस्ता खोदायला सुरुवात झाली आणि नव्या रांगेचं काम योव्नालाच मिळालं. आता हिवाळ्यात आंदे कुंपणात गवत टाकतो आणि जनावरं ते नाइलाजाने खातात.

पूर्वी दुकानात भेटलं की लोक त्याला विचारायचे, "काय आंदे, कळप बरा आहे ना?" आता कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे.