पावडर लावून आलेली पेशंट

"सिस्टर, टॅब जरा वर धरा. पेशंटचा चेहरा दिसू द्या."

मी टॅब वर धरला, तर रेंज गेली. पुन्हा जोडलं. इंझोरीच्या उपकेंद्रात, म्हणजे गावातल्या दोन खोल्यांच्या सरकारी दवाखान्यात, मी नर्स होते. टेलिकन्सल्टेशन तेव्हा नुकतंच आलं होतं. पेशंट माझ्यासमोर, डॉक्टर दूर शहरात, आणि मध्ये हा टॅब.

पेशंट होती मयुरी. सातवा महिना. नवऱ्यासोबत वीटभट्टीच्या कामावर गेलेली, चारच दिवसांपूर्वी गावी परतलेली. त्यामुळं तपासणी एकही झाली नव्हती. सासू कांताबाई तिला घेऊन आल्या होत्या. तक्रार एवढीच, की चक्कर येते.

डॉक्टर तरुण आणि भले होते. त्यांनी विचारलं, "दम लागतो का?"

मयुरी कॅमेऱ्याकडं पाहून गोड हसली. "नाई."

"थकवा?"

"नाई जी."

"चेहरा तर फ्रेश दिसतोय. गोळ्या लिहून देतो. रक्त पुढच्या आठवड्यात तपासून घ्या."

मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष फॉर्ममध्ये. नाव, वय, गाव, ओटीपी. ओटीपी कांताबाईंच्या फोनवर, आणि तो त्यांना काही केल्या सापडेना. शेवटी सापडला. मी गोळ्या मयुरीच्या हातात दिल्या, तेव्हा माझी बोटं तिच्या हाताला लागली. हात माठासारखा गार.

मग मी तिच्याकडं नीट पाहिलं. तोंडाला पावडरचा थर, ओठांना लाली, नखांना लाल नेलपॉलिश.

"कांताबाई, हे काय व माय? लग्नाले चालल्या काय?"

"मंग! डाक्टर मोबाइलवर पाह्यनार. फोटोत बिमार दिसली त लोक काय म्हनतीन? मीच लावून देल्ली पावडर. आन् तिले सांगतलं, हासत राह्य."

माझं डोकंच सटकलं. त्यांच्यावर नाही, स्वतःवर. मला आमचे जुने डॉक्टर आठवले. मंगळवारी जीपनं यायचे. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईस्तोवर त्यांनी तिची चाल पाहून घेतलेली असायची. मग हात हातात घ्यायचे, पापणी ओढायचे, आणि नाव सगळ्यात शेवटी विचारायचे. काय माणूस होता! आजही मंगळवार आला की जीपच्या आवाजाकडं माझा कान जातो.

"डॉक्टर, फोन ठेवू नका," मी म्हणाले. "मयुरी, तोंड धुऊन ये. साबणानं."

ती परत आली. पांढरीफटक. तिची खालची पापणी ओढली. आत लाल दिसायला हवं, तिथं कोरा कागद. बोटाला सुई टोचून एचबी पाहिलं. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन, रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य. सातच्या खाली गेलं की आमची पळापळ सुरू होते. मयुरीचं पाच होतं. अशात बाळंतपण झालं असतं, तर आई आणि बाळ दोघंही हातचे गेले असते.

मी पापणी कॅमेऱ्यासमोर धरली. डॉक्टर स्क्रीनकडं वाकले.

"सिस्टर, ॲम्ब्युलन्स बोलवा. मी वाशीमच्या जिल्हा रुग्णालयाला कळवतो."

कांताबाईंनी माझा हात धरला. "सिस्टर, हिले काई होनार नाई ना व? म्या त चांगल्यासाठीच केलं."

"माहीत हाय मले. चला आता, गाडीत बसा."

आम्ही वाशीमला पोचलो तेव्हा रक्ताची पिशवी तयार होती. डॉक्टरांनी फोनवर फोन केले होते. हे मात्र कबूल करायला हवं. पूर्वीसारखी जीपची वाट पाहत बसलो असतो तर मंगळवारला अजून पाच दिवस होते. दोन महिन्यांनी मयुरीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

टॅब दिला तेव्हा आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. लॉगिन कसं करायचं, उजेड कुठून घ्यायचा, कॅमेरा किती अंतरावर धरायचा. समोर बसलेल्या बाईकडं आधी पाहावं, हे त्यात नव्हतं. मला ते बावीस वर्षांपासून येत होतं. त्या दिवशी मीच विसरले होते.